त्रेपन्नाव्या पानावरची खोली

हिडिंगमास्तरांना आयुष्यात एकच गोष्ट धड जमली होती, ती म्हणजे गावाचा इतिहास. आणि आज तीच त्यांच्या गळ्याशी आली होती.

चोवीस वर्षं खपून त्यांनी एल्डरवोल्डचं पुस्तक लिहिलं. कोणतं घर कुणी बांधलं, कोण कुठून आलं, कुणाची किती पोरं जगली, सगळं. शेवटच्या पानावर गावची वस्ती. पुस्तक छापल्यापासून दर नववर्षाला चर्चबाहेर लोक विचारायचे, "मास्तर, यंदा किती?" मास्तर तिथल्या तिथे आकडा सांगायचे. एका माणसाचाही फरक कधी निघाला नाही, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा!

त्या पुस्तकाची एक प्रत आज नव्या नगराध्यक्षांच्या टेबलावर उघडी पडली होती. हे फान डॉर्स्टन जर्मनांनी देश ताब्यात घेतल्यावर आणून बसवलेले. आधीचे नगराध्यक्ष कुठल्या छावणीत आहेत, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"पान त्रेपन्न," फान डॉर्स्टन चवीनं वाचू लागले. "'आयसिंगांच्या घरी भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगाखाली बटाट्याचं तळघर आहे. त्याच्या मागच्या भिंतीची डावीकडून तिसरी फळी सरकते. आत पाच माणसं मावतील एवढी खोली. नेपोलियनच्या सैन्यभरतीपासून गावानं आपली पोरं इथंच लपवली.' वा, मास्तर! मला इतिहासाचं भारी वेड. चला, दाखवा."

"आत्ता?"

"का? बटाटे झोपलेत का?"

दोन महिन्यांपूर्वी आयसिंगांची विधवा सून यान्टीन त्यांच्याकडे पहिलीचं वाचनाचं पुस्तक मागायला आली होती. "बहिणीच्या पोरीला हवंय," म्हणाली. यान्टीनला बहीण नव्हती, तिच्या चार पिढ्या मास्तरांनीच तर छापल्या होत्या! त्यांनी मुकाट्यानं पुस्तक दिलं, आणि त्रेपन्नाव्या पानावरच्या खोलीत कोण बसलं असेल ते त्यांना तेव्हाच कळून चुकलं. शेजारच्या तालुक्यातून ज्यू कुटुंबांना उचलून आगगाडीत भरलं होतं. त्यातलं एक कुटुंब गाडीपर्यंत पोचलंच नव्हतं, असं लोक कुजबुजत होते.

तेव्हापासून मास्तर घरोघर जाऊन "चुका दुरुस्त करायच्यात" असं सांगत प्रती गोळा करत होते. सगळ्या मिळाल्या, एक सोडून. ती त्यांनी स्वतःच निवृत्तीच्या दिवशी छाती फुगवून नगरपालिकेला भेट दिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कालव्याकाठच्या रस्त्यानं ते निघाले. मागून शिपाई सायकल हातात धरून चालत होता. तिचं चाक दर फेऱ्याला कुईं करायचं, आणि दर वेळी मास्तर दचकायचे.

"साहेब, एक सांगायचं राहिलं," ते शेवटी म्हणाले. "ती खोली... मी रचलीय. पुस्तक फार रटाळ होत होतं हो."

फान डॉर्स्टन थांबले. "प्रस्तावनेत तर लिहिलंत, की पुराव्याशिवाय एक अक्षर नाही?"

"प्रस्तावनेत सगळेच तसं लिहितात."

साहेब हसले नाहीत. ते पुन्हा चालायला लागले, आणि आता जरा भरभर.

यान्टीन अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिघांना बघून तिचा हात टोपलीतच राहिला. मास्तरांनी लांबूनच, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं सांगून टाकलं, "यान्टीन! मी साहेबांना कबूल केलंय बरं का, तुमच्या घरच्या खोलीबद्दल पुस्तकात थाप मारली म्हणून!"

मग टोपली खाली आदळून तिनं तोंडाचा जो पट्टा सोडला!

"आत्ता कबूल करताय? सहा वर्षं झाली! जो येतो तो माझ्या पलंगाखाली डोकं घालतो! माझी सासू त्या खोलीचं ऐकून ऐकून मेली! साहेब, हा माणूस शाळेतसुद्धा असाच. आम्हाला सांगायचा, कालव्यात देवमासा आला होता!"

"नव्हता आला?" शिपाई म्हणाला.

"तू गप रे!" फान डॉर्स्टन ओरडले. मग यान्टीनकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "बाई, तरी बघू. मास्तर, तुम्ही अंगानं लहान. तुम्हीच उतरा."

पलंगाची कपाटदारं उघडली, खालची झडप वर झाली. मास्तर गुडघ्यांवर आत सरपटले. ओल्या मातीचा आणि बटाट्यांचा वास. मागे कंदील धरून नगराध्यक्ष वाकलेले. "डावीकडून तिसरी. ढकला बघू."

मास्तरांनी फळीवर तळहात ठेवला. ती हलली. नखाएवढीच, पण हलली; आणि लगेच पलीकडून कुणीतरी ती परत दाबली. अगदी खालच्या बाजूनं, मास्तरांच्या कोपराच्या उंचीवर. एवढ्या खाली हात कुणाचा पोचतो, हे चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. देवा, हिला शिंक येऊ देऊ नकोस.

"जोर लावा!"

मास्तरांनी पाठीनं फळी झाकली, पाय बटाट्यांत रोवले आणि तोंडानं कण्हत नुसतेच थरथरले. ते थरथरणं काही सोंग नव्हतं.

"भिंत आहे, साहेब. पक्की."

मग कंदील मागे गेला.

"गावठी मास्तर!" फान डॉर्स्टन तुच्छतेनं म्हणाले. स्वयंपाकाच्या टेबलावर त्यांनी पुस्तक टाकलं आणि खिशातलं पेन पुढे केलं. "लिहा. 'हे पान खोटं आहे.' खाली सही. रविवारी चर्चच्या दारावर लावतो, गावालाही कळू दे आपला इतिहासकार काय लायकीचा आहे ते."

मास्तरांनी लिहिलं. चोवीस वर्षं खपून लिहिलेल्या त्या पुस्तकात त्यांनी घातलेलं हे पहिलं खोटं वाक्य. सही करताना डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बटाट्यांच्या धुळीवर ढकललं. यान्टीन चुलीकडे तोंड करून उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

नववर्षाच्या दिवशी ते पान अजून चर्चच्या दारावर फडफडत होतं. फान डॉर्स्टन पायरीवर हात मागे बांधून उभे होते. लोक बाहेर पडले, आणि नेहमीचा प्रश्न आला, पण या वेळी हसत.

"काय मास्तर, यंदा वस्ती किती? खरी सांगा हं, देवमासा धरून नको!"

सगळे खिदळले. यान्टीन गर्दीच्या कडेला शाल आवळून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. मास्तरांचा तळहात आपोआप मिटला. फळीपलीकडचा तो दाब त्यांना अजून तिथं जाणवत होता.

"चारशे बारा," ते म्हणाले. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांनी गावची माणसं कमी मोजली होती.