क्वार्कवर चढाई

सुलोचना ताकसांडे बाईंना राग लवकर येई आणि आनंद त्याहूनही लवकर. नालवाडीच्या पलीकडे एका शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि दरवर्षी विज्ञान नाट्यस्पर्धेसाठी पोरींना घेऊन वर्ध्याला जायच्या. गेल्या वर्षी एका परीक्षकाने भर सभागृहात सांगितलं होतं, "नाटक छान, पण विज्ञान चूक." ते वाक्य वर्षभर बाईंच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यात मुख्याध्यापक बापूराव सरांनी यंदा आधीच बजावून ठेवलं होतं, "बाई, पहिला नंबर येऊन नागपूरची पुढची फेरी गाठली तर ठीक. नाई तर पुढच्या वर्षीपासून नाटकाचा तास बंद. त्या तासाले दहावीचं गणित."

शहाण्या माणसाने अशा वेळी पाणी वाचवा, झाडं लावा असलं काहीतरी बिनधोक नाटक बसवलं असतं. बाईंनी क्वार्क घेतला.

"क्वार्क म्हंजे काय वं म्याडम?" चंचल मडावीने विचारलं. ही कबड्डीच्या संघाची कप्तान. नाटकाला दुसरं कोणी तयार होईना, म्हणून बाईंनी सगळा कबड्डीचा संघच उचलला होता.

बाईंनी डब्यातल्या दोन भाकरी काढल्या आणि प्रत्येकीचे तीन तीन तुकडे केले. "प्रोटॉन मालूम हाये ना? अणूच्या मधात राह्यते थो. त्याच्या पोटात तीन क्वार्क. दोन अप, एक डाऊन. प्रोटॉनचा विद्युतभार म्हंजे एक अख्खी भाकर समजा. एका अपजवळ दोन तुकडे, दुसऱ्या अपजवळ दोन तुकडे. किती झाले?"

"चार."

"अन् डाऊन उलट्या भाराचा. खादाड. एक तुकडा खाऊन टाकते. उरले किती?"

"तीन! अख्खी भाकर!" पोरी ओरडल्या, आणि बाईंचा चेहरा असा फुलला की जणू क्वार्क त्यांनीच शोधला होता.

मग रंग आले. हे खरे रंग नव्हेत, शास्त्रज्ञांनी नुसतं नाव दिलेलं. पण हिशेब रंगांचाच. एक लाल, एक हिरवा, एक निळा, तिन्ही मिळून पांढरं झालं तरच प्रोटॉन टिकतो, आणि हे रंग आतल्या आत सारखे हात बदलत राहतात. बाईंनी तीन ओढण्या आणल्या आणि पोरींना त्या नाटकभर एकमेकींच्या गळ्यात टाकत राहायला सांगितलं. एखादी खाली पडलीच तर दुसरी हाताशी असावी, म्हणून घरच्या ओढण्यांचा आणखी एक संच विंगेत ठेवला. पुस्तकात क्वार्कच्या 'सहा जाती' असं छापलं होतं. ते बाईंनी पेनाने खोडून 'सहा तऱ्हा' केलं. जाती मोजायला त्यांना प्रोटॉनच्या पोटात जायचं नव्हतं.

नाटकाची गोष्ट साधी होती. एकटा क्वार्क आजवर कोणी पाहिलेला नाही. कितीही लांब ओढून न्या, ओढ ढिली पडत नाही. म्हणून क्वार्क झालेल्या तिघींच्या कमरा सायकलच्या ट्यूबने एकमेकींना बांधायच्या. चंचल झाली शास्त्रज्ञ. ती चढाई करणार, अप क्वार्क झालेल्या रुपा कुमरेला ओढणार, दमणार आणि हात जोडून परत जाणार. पडदा.

"अन् ट्यूब तुटली तर म्याडम?" हे पौर्णिमाने विचारलं. वर्गात सगळ्यात हुशार, पण स्टेजवर चढली की हिला हसू आवरत नसे, म्हणून तिला राखीव ठेवलं होतं. दुसरी राखीव गंगा उईके. ती संघात उशिरा आली होती.

"तुटली तर आनखी मजा," बाई म्हणाल्या. "ओढाले लावलेल्या ताकदीतूनच तिथं एक नवा क्वार्क अन् त्याचा उलटा, म्हंजे प्रतिक्वार्क, असा जोडा जन्मते. तुटल्या टोकाले एकएक जाऊन बसते. एकटा कोनी राह्यतच नाई. पण थे दाखवाले टाइम नाई. अन् आपली ट्यूब काई तुटत नसते."

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत परीक्षक बसले होते. त्यांच्यात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ढोके सर होते, मांडीवर नाटकाची संहिता उघडी ठेवून. शेवटच्या रांगेत बापूराव सर हाताची घडी घालून बसले होते. बाई विंगेत उभ्या होत्या, आणि त्यांचे ओठ पोरींच्या प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते.

भाकरीला टाळी पडली. ओढण्यांना त्याहून मोठी पडली. मग चंचल पुढे झाली, रुपाच्या हाताला धरून ओढू लागली, आणि तेवढ्यात प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "ओढ ना वं! जीव नाई का अंगात?"

झालं! चंचल नाटक विसरली. तिने कंबर खाली घेतली आणि तोंडाने "कबड्डी कबड्डी कबड्डी" सुरू केलं. रुपा तरी काय कमी? तिनेही पाय रोवले. मागच्या दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. ट्यूब ताणली, आणखी ताणली, पार सुतळीएवढी झाली. बाई विंगेतून हात हलवत होत्या, "बस, बस!" पण चढाईवर गेलेल्या चंचलला कोण थांबवणार?

फाट्!

चंचल धाडकन उताणी पडली आणि तिच्या अंगावर रुपा. दोघी क्वार्क तिकडे, रुपा इकडे, मधे लोंबणारी दोन टोकं. जगात कोणी कधी न पाहिलेला एकटा क्वार्क बाईंच्या नाटकात स्टेजवर बसून गुडघा चोळत होता. विज्ञान पुन्हा चूक! नागपूर गेलं, तास गेला, सगळं गेलं.

तेवढ्यात त्यांच्या शेजारून गंगा सुसाट सुटली आणि तिने तिकडच्या दोघींचं लोंबतं टोक पकडलं. ती का धावली हे बाईंना कळेना, पण पौर्णिमाला एका क्षणात सगळं कळलं. तिने राखीव ओढण्यांमधली लाल ओढणी उचलली, कारण रुपाच्या गळ्यात त्या वेळी लालच होती. ओढणी बाईंची स्वतःची, भाऊबीजेची. पौर्णिमाने ती टर्रकन मधोमध फाडली, अर्धी गंगाकडे फेकली, अर्धी उलट्या रंगाची खूण म्हणून उलटी करून स्वतःच्या गळ्यात टाकली आणि रुपाच्या कमरेचं टोक हातात घेऊन ताठ उभी राहिली.

"मी प्रतिक्वार्क!" ती ओरडली. हसू कुठल्या कुठे पळालं होतं. "तुमच्याच ताकदीतून जन्मली! एकटा क्वार्क काढाले आली होती ना शास्त्रज्ञबाई? घ्या, दोन नवे झाले! पन एकटा एकबी नाई!"

सभागृह असं उसळलं की पडदा ओढणारा माणूसही दोरी सोडून टाळ्या वाजवू लागला.

टाळ्या थांबल्या तेव्हा ढोके सर संहिता हातात धरून उभे होते. "हा प्रसंग इथे लिहिलेला नाही. ट्यूब मुद्दाम तोडली का?"

हो म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. बाई विंगेतून पुढे आल्या. "नाही सर. तुटली."

"मग हिला आत कोणी पाठवलं?"

"कोनी नाई सर," गंगा म्हणाली. "चंचल पडली अन् तिचा दम तुटला. चढाईवाला गडी बाद झाला का आपला बसलेला गडी उठते. म्हनून मी उठली."

सगळे खो खो हसले. ढोके सर हसले नाहीत. "बरं. उठलीस. पण तू कोण? अप की डाऊन?"

हे तर बाईंनी शिकवलंच नव्हतं.

"डाऊन," गंगा म्हणाली. "मी डाऊनचीच राखीव हाये सर."

"ठीक. मग विद्युतभाराचा हिशेब सांगा. सुरुवातीला एक भाकर होती. आता बाहेर निघालेल्या जोडीत किती, आत उरलेल्या तिघींत किती?"

पौर्णिमा बोटं मोजू लागली. "मंग मी उलटी डाऊन. डाऊन एक तुकडा खाते, तं मी एक तुकडा देतो. रुपाजवळ दोन अन् माझा एक. बाहेर अख्खी भाकर गेली सर!"

"आणि आत?"

"आत एका अपचे दोन तुकडे," मागची एक क्वार्क चाचरत म्हणाली. "या डाऊननं एक खाल्ला. गंगानं एक खाल्ला." ती थांबली आणि घाबरून बाईंकडे पाहू लागली. "म्याडम, काईच नाई उरलं."

बाईंनी मनात जुळवलं. एक अप, दोन डाऊन, भार शून्य.

"न्यूट्रॉन!" आपण स्टेजवर आहोत, समोर परीक्षक आहेत, सगळं विसरून त्या किंचाळल्या. "अवं पोरींनो, तुमी प्रोटॉनचा न्यूट्रॉन केला!"

ढोके सरांनी संहिता खुर्चीवर ठेवून दिली. "बाहेर क्वार्क-प्रतिक्वार्कची जोडी, म्हणजे पायॉन. आत न्यूट्रॉन. भार जुळला, रंगही जुळले," ते म्हणाले. "बाई, मी हे इतकी वर्षं फळ्यावर शिकवतोय. होताना आज पाहिलं."

पहिला नंबर जाहीर झाला तेव्हा बाई रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि पोरींनी त्यांना अशी साखळी घातली होती की त्यांना हलता येईना. त्या साखळीत वाट काढत बापूराव सर आले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच गंभीर होता.

"बाई, दहावीचं गणित आपण सकाळी घेऊ," ते म्हणाले. "पन मले एक सांगा. नागपूरले ट्यूब तुटली नाई तं?"

आनंदाच्या भरात हा विचार बाईंना शिवलाही नव्हता. सर तसेच पुढे निघून गेले. परत येताना पोरींची गाडी चौकात थांबली, तर सर सायकलच्या दुकानापुढे उभे. एकेक ट्यूब दोन्ही हातांनी ताणून पाहत होते आणि नापसंतीने बाजूला टाकत होते.

"याच्यापेक्षा सडकी दाखव," ते दुकानदाराला म्हणाले. "जोर लावला का तुटलीच पाह्यजे."

"सर, अशा ट्यूबचं काय करता?" दुकानदाराने चक्रावून विचारलं. "पंक्चर काढाचं हाये का?"

"नाई," बापूराव सर म्हणाले. "क्वार्क काढाचा हाये. निघत नाई थो, पन आमच्या पोरी काढून पाह्यते."