विहिरीतला दिवेमासा

पारनेर तालुक्यातल्या त्या गावात देवळाच्या ओवरीला घोंगड्या टांगून भरदुपारी अंधार केला होता आणि आत शिरायला माणसांची रेटारेटी चालली होती. आत एका बरणीत बोटभर मासा निळसर उजेड टाकत पडला होता. बरणीमागे बाहेरगावाहून आलेले पाताळबुवा बसले होते. "हा शेषाच्या दारचा दिवटा," ते सांगत होते. "तुमच्याच विहिरीतून वर आलाय. खाली समुद्र भरलाय, लेकरांनो, तळ तेवढा फोडा." समुद्राचं पाणी पिणार कसं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पावसानं पाठ फिरवली होती, विहिरीत गुडघाभर पाणी उरलं होतं आणि सगळं गाव त्याच्यावर जगत होतं.

मिशनच्या शाळेतल्या साराबाईही त्याच्यावरच जगत होत्या, पण लांबून. ख्रिस्ती घराण्यातल्या असूनही जुना विटाळ सुटला नव्हता. विहिरीवर चढायची त्यांना मुभा नव्हती. पाण्याला येणारी गावातली रतनबाई वरून ओती तेव्हा त्यांची घागर भरे. तळ फुटला तर कातळानं धरलेलं पाणी भेगांतून निघून जाईल, या धास्तीनं त्या ओवरीच्या पायरीखाली येऊन उभ्या राहिल्या.

मासा कसा दिसतो ते शाळेतल्या पोरांकडून बाईंना कळलं होतं. काकासाहेब पाटील बाहेर आले तेव्हा त्यांनी पाटलांना नीट समजावलं. हा खोल समुद्रातला मासा, पोटाखाली दिव्यांच्या ओळी असलेला. समुद्रातसुद्धा याच्या प्रत्येक जातीचा मुलूख ठरलेला. थंड पाण्यातली वेगळी, मुंबईपुढच्या उबदार पाण्यातली वेगळी. गोड्या पाण्यात एकही नाही. शिवाय हा मेलेला. अलिबागेला शिकवत असताना शिळी मासळी अंधारात अशीच उजळलेली त्यांनी पाहिली होती. तो उजेड कुजक्या मासळीवरच्या जंतूंचा, आणि खारं पाणी सुटलं की ते मरतात.

"माझा शब्द धरू नका, पाटील," त्या म्हणाल्या. "बरणीतलं पाणी चाखा. मग मासा तुमच्या हातानं विहिरीच्या पाण्यात टाका. तिथलाच असेल तर उजळत राहील."

देवाची परीक्षा पाहू नये, शेष खवळेल, असं बुवांनी बरंच सांगून पाहिलं. पण पाटलांना चेव आला होता. त्यांनी पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. रतनबाईनं विहिरीची कळशी आणली, पाटलांनी मासा तिच्यात सोडला. उजेड मंदावत गेला, आणि थोड्या वेळानं आत मिट्ट काळोख झाला. उजेड विझल्याची कुजबुज घोंगडीबाहेर साराबाईंना ऐकू आली. विहीर वाचली, असं त्यांना वाटलं.

मग गर्दीतल्या भिमाजीचा आवाज आला. "इजला कशानं? भाईर कोन उभं हाय ते बगा की."

"व्हय," रतनबाईच म्हणाली. "बाईंची सावली पडली."

बुवांनी संधी सोडली नाही. विटाळानं दिवटा विझला, आता समुद्र खाली सरकायच्या आत सुरुंग लावा, असं त्यांनी फर्मावलं. खारट चव जिभेवर असूनही पाटलांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तळाच्या उघड्या कातळात सुरुंग उडाले. संध्याकाळपर्यंत पाणी भेगांत उतरलं आणि ओला काळा दगड तेवढा उरला. तोवर बुवा दक्षिणा बांधून पसार झाले होते. रतनबाई सवयीनं काठावर आली, साराबाई सवयीनं लांब उभ्या राहिल्या. दोघींच्याही घागरी रिकाम्या होत्या.

मंडळी, बुवाची लबाडी साऱ्या गावासमोर उघडी पडली होती. जे डोळ्यांनी पाहिलं आणि जिभेनं चाखलं, त्यावर तरी विश्वास ठेवा, एवढंच मागणं आहे. त्या गावात मात्र अजून सांगतात, की मास्तरीणबाईंच्या सावलीनं विहीर आटली.