सकाळे विमान शे का?

सुकदेवने जीपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खाली वाकून टॅक्सीवेवरची पिवळी रेघ शोधू लागला. समोरच्या काचेतून काही दिसायचं राहिलं नव्हतं. मघापर्यंत धुकं होतं. धुक्यात निदान पांढरेपणा तरी असतो. हे करडं होतं आणि डोळ्यांना झोंबत होतं. जीपच्या पाठीवर लाल दिव्यांत ‘माझ्या मागे या’ असं लिहिलेलं होतं, आणि त्या शब्दाला मान देऊन मागून एक अख्खं विमान, आतल्या माणसांसकट, चालत येत होतं.

चाकांखालचा आवाज बदलला. डांबराची सरसर गेली, गवताची खसखस आली. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि वॉकीटॉकीत ओरडला, “थांबवा! विमान थांबवा!”

मागची घरघर तिथल्या तिथे घुटमळली. सुकदेव उतरला. जीपच्या पुढच्या चाकापासून हातभरावर पावसाच्या पाण्याचा चर होता. विमानाचा उजवा पंख कुठवर आलाय आणि इंधनाचा टँकर तिथून किती लांब आहे, हे देवाला ठाऊक. आणि देवालाही त्या वेळी नीट दिसत नसावं.

त्याने नाक वर करून वास घेतला. केळीची ओली पानं, तुराट्या, आणि वर शेणाची गोवरी. गोवरी टाकली की धूर जास्त टिकतो, असं त्याच्या बायकोचं, पुष्पाबाईचं, म्हणणं होतं. आख्ख्या शिवारात गोवरी टाकणारी ती एकटीच. सुकदेवने नाक हळूच खाली केलं.

विमान कसंबसं जागेवर आल्यावर पायलट खाली उतरला आणि त्याच्याजवळ आला.

“मी तुमच्या दिव्याच्या भरवशावर चाललो होतो. तुम्ही कशाच्या?”

“अदमासाने, साहेब.”

पायलट हसला नाही.

एरंडोल रस्त्यावरचा तो विमानतळ झाला तेव्हा धावपट्टीने शेतं घेतली, पण कुंपणापलीकडच्या केळी तशाच राहिल्या. केळीला थंडी सोसत नाही. पारा फारच उतरला की पहाटे बांधाबांधावर धूर करायचा. तो गोधडीसारखा बागेवर पसरतो आणि घड वाचतात. पूर्वी हा धूर एका शेतातून दुसऱ्या शेतात जायचा आणि कुणाची तक्रार नसायची. आता तो कुंपण ओलांडून थेट टॅक्सीवेवर येऊन बसत होता. त्याला कुणी पास विचारत नव्हतं.

“कुणाच्या शेतातला होता?” विमानतळाचे मॅनेजर अखिल साहेब यांनी विचारलं. तरुण माणूस, गोड बोलायचा.

“त्या अंगाचा, साहेब,” सुकदेव म्हणाला आणि हाताने निम्मा जिल्हा दाखवला.

“सुकदेवभाऊ, तुम्ही गावचे. तुमचं ऐकतील. विमान असेल त्या सकाळी धूर नको, एवढंच सांगा.”

सुकदेवने पारावर माणसं जमवून सांगितलं. माणसं भाईदास आबांकडे बघू लागली. सगळ्यांत मोठी बाग आबांची, आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. आबांनी आधी तंबाखू मळून घेतला.

“विमानमा माणसंच बसतस ना?” मग ते म्हणाले. “माणूस मारीसन केळं कोन खाई? नही पेटाडत आम्ही. पन सुकदेव, रोज सांगजो रे भो. विमान नही ऱ्हायनं की आम्ही पेटाडसूत.”

हिवाळ्यातल्या विमानाचं पाहुण्यासारखं असतं: येतो म्हणतं आणि येत नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी सुकदेवच्या ओट्यासमोर माणसं थांबू लागली. “सकाळे विमान शे का?” सुकदेव आधी पाणी प्यायचा, मग आभाळाकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा. विमान त्याला विचारूनच निघतं की काय, असं वाटावं इतका वेळ घ्यायचा.

“तोंड उघडाले बी टॉवरनी परवानगी लागस का तुम्हले?” पुष्पाबाई आतून म्हणायची.

पण तिलाही ते आवडत होतं. बरीचशी जमीन धावपट्टीत गेल्यावर नवऱ्याला गावात कुणी काही विचारायला येईल, असं तिला वाटलं नव्हतं.

मंगळवारी दुपारपासूनच हवेला धार आली. संध्याकाळी अखिल साहेबांनी त्याला बोलावून चहा दिला.

“उद्याचं विमान रद्द. मुंबईहूनच निघत नाहीये.”

“बरं झालं, साहेब. आज थंडी लई आहे. गावात सांगतो.”

“थांबा. कशाला सांगता? आत्ता कुठे सवय लागतेय. उद्या पेटवलं की परवा कोण थांबवणार? शनिवारी सुरक्षा सप्ताहाला वरून पाहुणे येतायत. एका दिवसाने काय होतंय?”

सुकदेव कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

“तुमचं कंत्राट मार्चपर्यंत आहे ना?” साहेबांनी विचारलं. एखाद्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी करावी, तसं.

घरी आला तर भाईदास आबा कानाला मफलर गुंडाळून ओट्यावर बसलेले.

“सकाळे विमान शे का?”

सुकदेव पाणी प्यायला. आभाळाकडे बघायचं मात्र राहिलं.

“शे,” तो म्हणाला.

आबा उठले. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी हवेला हात लावून पाहिला.

“मंग नही पेटाडत,” म्हणाले आणि गेले.

पुष्पाबाईने ताडपत्रीखाली पानांचा ढीग कोरडा ठेवला होता. तिने ताट वाढलं.

“खरंच शे?”

“शे म्हनं ना!”

त्याने अर्धी भाकरी तशीच ठेवली.

सकाळी तो कडक इस्त्रीचा गणवेश घालून निघाला. न येणाऱ्या विमानाला आणायला जाणं भागच होतं, नाहीतर रात्रीचं खोटं गावाला कळलं असतं. विमानतळावर त्याने जीप उगाचच एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. धूर नव्हता, धुकंही नव्हतं. सगळीकडे लख्ख दिसत होतं. कुंपणापलीकडच्या बागासुद्धा.

दोन दिवसांनी पानं पिवळी पडू लागली. फळांची साल राख फासल्यासारखी झाली. निसवणीला, म्हणजे बाहेर पडायला आलेले घड खोडाच्या गळ्यातच अडकले. सुकदेवच्या बागेतले, आबांच्या बागेतले, सगळ्यांचेच. थंडीने पंक्तिप्रपंच केला नाही. कुणी सुकदेवला काही बोललं नाही. विमान ऐनवेळी आलं नाही, त्याला सुकदेव तरी काय करणार, असं गावाने स्वतःला समजावलं होतं.

शनिवारी मंडपात पहिल्या रांगेत पाहुणे आणि मागे गाव. सुकदेवला मंचावर बसवलं होतं. अखिल साहेबांनी भाषण केलं. ते पाहुण्यांसाठी लिहिलेलं होतं. मागे गाव बसलंय आणि गावालाही मराठी कळतं, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

“एकच उदाहरण देतो. बुधवारचं विमान रद्द झालं होतं. आम्हाला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. हंगामातली सर्वांत थंड रात्र. तरीही या गावाने एक काडीसुद्धा पेटवली नाही! यालाच म्हणतात सुरक्षेची संस्कृती!”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून टाळ्या आल्या नाहीत. पुष्पाबाई बायकांत बसली होती. तिने पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला.

सुकदेवच्या खांद्यावर शाल पडली. श्रीफळ गावातल्या वडीलधाऱ्याच्या हस्ते द्यायचं ठरलेलं होतं. भाईदास आबा सावकाश पायऱ्या चढून आले, दोन्ही हातांनी नारळ पुढे केला आणि जरासे वाकले.

“अभिनंदन, सुकदेवराव.”

जन्मापासून त्याला ‘अरे सुकदेव’ म्हणणारा माणूस. सुकदेवने नारळ घेतला. तो हातात इतका जड कसा लागतोय, ते त्याला कळेना.

सोमवारी पुन्हा थंडी पडली. मंगळवारी सकाळी विमान होतं आणि ते येणार होतं. सोमवारी संध्याकाळी सुकदेव ओट्यावर बसून राहिला. माणसं समोरून गेली, कुणी थांबलं नाही. अंधारायला लागलं तसा तो स्वतःच उठून आबांकडे गेला.

अंगणात ट्रॉली उभी होती. बाया वाळकी पानं आणून टाकत होत्या, उरलीसुरली बाग वाचवायला गडी तुराट्यांच्या पेंढ्या रचत होते.

“आबा, सकाळे विमान शे.”

“या सुकदेवराव, बसा. चहा आना गं!”

“खरंच शे, आबा. पक्कं.”

“शेच ना. नही कोन म्हनस?”

चहा कपबशीत आला. या घरी तो आजवर पितळीत चहा प्यायला होता. कपबशी सोयऱ्यांसाठी निघायची. पानांचा भारा घेऊन पुष्पाबाई जवळून गेली, थांबली नाही.

“भाकर टोपलामा शे,” ती म्हणाली. “जेवी ल्या.”

सुकदेवने खिशातून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांच्या समोर, साहेबांना लावला.

“साहेब, उद्याचं विमान येऊ देऊ नका. पहाटे टॅक्सीवेवर धूर असेल.”

पेंढ्या रचणारे हात थांबले.

“म्हणजे? तुम्ही गावात सांगितलं नाही?”

“सांगितलं.”

“मग?”

सुकदेवने आबांकडे पाहिलं. आबा भिंतीकडे पाहत होते.

“माझ्या सांगण्यावर आता कुणी थांबत नाही, साहेब. आणि जीप मी पुढे घालणार नाही. मागे माणसं असतात.”

पलीकडे खुर्ची करकरली.

“ठीक आहे. वर कळवून थांबवतो,” अखिल साहेब म्हणाले. आवाज गोडच होता. “तुम्हीही आता मार्चपर्यंत कशाला थांबता? उद्या येऊन जीपची चावी देऊन जा.”

सुकदेवने फोन खिशात ठेवला. मग कुणीतरी पुढची पेंढी उचलली, आणि पुन्हा पानं पडू लागली.

आबांनी बशी त्याच्याकडे जरा सरकवली.

“चहा थंडा व्हई ऱ्हायना, सुकदेवराव.”