महिपत मास्तरांची टाचणवही

मी एक जुनी टाचणवही आहे, मित्रांनो. पुढच्या आठवड्यात काय शिकवायचे ते शिक्षक ज्या वहीत आधी लिहून ठेवतात, ती टाचणवही. दमट हवेने माझी पाने पिवळी पडली आहेत आणि मला पुष्कळदा गुंगी येते. मग मिटलेल्या पुठ्ठ्यांच्या आत रंग हलू लागतात, समुद्र वाजतो आणि मला १९५३ सालचा जून आठवतो.

त्या जूनमध्ये रत्नागिरीच्या एका शाळेत मी महिपत मास्तरांच्या हाती आले. मास्तर चित्रकला शिकवत. आतल्या डोंगराळ गावातून आलेला, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. माझ्या पहिल्या पानावर त्यांनी सुरेख वळणाने लिहिले, ‘तक्त्यावरून फुलदाणी काढणे.’ मग ती खोडून त्यांनी खाली लिहिले, ‘वर्गातील एकाही मुलाच्या घरी फुलदाणी नाही. वस्तू बदलावी.’

पुढचे दिवस स्वप्नासारखे गेले. मास्तर प्रत्येक धडा आधी माझ्यावर करून बघत. मुंबईहून रंगपेट्या आल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी जांभा दगड उगाळून तांबडा रंग केला, हळदीचा पिवळा, कपड्यांच्या निळीचा निळा. केळीच्या पानाचा देठ आडवा कापून त्यांनी रंगात बुडवला आणि माझ्या पानावर अलगद टेकवला. उचलला तर तिथे एक चंद्रकोर उमटली होती, पोटात बारीक जाळी असलेली. त्या थंडगार ओलीत मी दुपारभर पडून राहिले. ती वाळूच नये असे वाटत होते.

मास्तरांची योजना साधी होती. प्रत्येकाने घरातल्या वस्तूवरची नक्षी शोधायची, कागदावर उतरवायची, तिचा पट्टा तयार करायचा आणि शेवटी तो एखाद्या खऱ्या वस्तूवर रंगवायचा. कोणी सुपाची वीण आणली, कोणी शिंपल्यावरच्या रेघा. सातवीतली हफीजा मात्र आईने, हाजराबीने, शिवलेली गोधडीच घेऊन आली. तिचे टाके लाटांसारखे एकात एक शिरलेले होते. मास्तरांनी ते मोजून माझ्यात उतरवले आणि बाजूला लिहिले, ‘ही बाई शाळेत शिकवायला आली, तर मी बाकावर बसेन.’

हफीजाचे वडील जैनुद्दीन तांडेल. त्यांचा नवा मचवा, मासेमारीची मोठी होडी, किनाऱ्यावर उभा होता. त्याच्यावर मुलांना नक्षी काढू द्याल का, असे विचारायला मास्तर गेले. तांडेल म्हणाले, “रंगवा मास्तर. पण खाऱ्या पाण्यात टिकायला पायजे.” त्याच भेटीत कळले की हफीजाची शाळा पुढच्या महिन्यापासून बंद होणार. हाजराबीचे म्हणणे, टाके तर ती घरीही शिकेल. परत येऊन मास्तरांनी माझ्यात मचवा रंगवायची तारीख लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढली.

हेडमास्तरांना हे मुळीच पसंत नव्हते. तपासणीला साहेब आले आणि मुलांना फुलदाणी काढता आली नाही, तर जाब तुम्ही द्यायचा, असे त्यांनी मास्तरांना बजावले होते. आणि साहेब नेमके मचवा रंगवायच्या दिवशीच, न कळवता आले. वर्ग रिकामा, टेबलावर मी एकटी. त्यांनी मला उचलले आणि वाचत वाचत किनारा गाठला.

तिथे वीसेक मुले मचव्याला बिलगली होती. हिरव्या फळ्यांवर तांडेलांनी दिलेल्या तेलरंगाच्या पांढऱ्या लाटा चढत होत्या. माझीच पाने सुटून त्या लाकडावर जाऊन बसली आहेत, असा मला भास झाला. हे कुठल्या तक्त्यातले, असे साहेबांनी हफीजाला विचारले.

“तक्त्यातला नाय, साहेब,” ती म्हणाली. “आमच्या आईच्या हातातला हाय.”

हाजराबी लांब उभी होती. ती पुढे आली. एका ओल्या लाटेला तिने बोट लावले आणि बोटावरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत राहिली. पुढच्या महिन्यातही हफीजा वर्गात होती, आणि त्यानंतरही येत राहिली.

साहेबांनी माझ्यात दोन वाक्ये लिहिली. ‘वर्ग परवानगीशिवाय शाळेबाहेर नेला.’ ‘चित्रे मुलांची स्वतःची आहेत.’ दोन्ही खरी होती. पहिल्या वाक्यापायी वर्षअखेरीस मास्तरांची दूर बदली झाली. वही शाळेची, म्हणून त्यांनी मला नेले नाही. नुसता पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

मग मी कपाटात पडले. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, कडांना कसर लागली. एकदा सगळी रद्दी बांधून बाहेर काढली, तेव्हा हेडमास्तरांनी गठ्ठा सोडून मला चाळले. त्या चंद्रकोरीवर त्यांनी बोट टेकवून पाहिले. त्यांनी मला आपल्या खणात ठेवले.

यंदा, १९५९ साली, शाळेत नव्या बाई आल्या. हफीजाबाई. हेडमास्तरांनी मला त्यांच्या हाती दिले आणि म्हणाले, “मी मास्तरांना अडवलं होतं. तुला नाही अडवणार.”

मित्रांनो, जुनी वही रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून बघा. कोणी तरी तुमच्यासाठी योजलेला, पण करायचा राहिलेला धडा तिच्यात असतो. पावसाळा सरला की आम्हाला थोडे ऊन दाखवा, एवढेच मागणे. माझी शेवटची अकरा पाने अजून कोरी आहेत. उद्या सकाळी सातवीचा तास आहे.