आधी गुडघा

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं कुठल्याही औषधाने बरं होण्यातलं नव्हतं. ते धाकट्या जावेमुळे होतं. धाकटीचं कुणी कौतुक केलं की थोरली हातातलं काम जोरजोरात करायला लागायची. त्या वेळी ती भांडी घासत असली तर भांड्यांची खैर नसायची.

"अगं, त्या पातेल्याने तुझं काय बिघडवलंय?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"तुम्ही पेपर वाचा," ती म्हणाली.

सगळ्याचं मूळ संस्थेत होतं. बारा वर्षांपूर्वी थोरलीची सासू तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. सगळं थोरलीनेच केलं. सासू गेली आणि घरात उरला तो पाठ वर-खाली होणारा लोखंडी पलंग, एक चाकांची खुर्ची आणि हवेची गादी. शेजारच्या गल्लीतला एकजण विचारत आला, तिने देऊन टाकलं. त्याचं काम झाल्यावर दुसऱ्याने नेलं. मग लोक आपल्याकडच्या वस्तू आणून द्यायला लागले आणि बघता बघता संस्था झाली. भाड्याची एक खोली, दारावर पाटी, आत टेबल आणि टेबलामागे थोरली.

तिची पद्धत ठरलेली होती. वस्तू खोलीवर परत यायची. थोरली ती स्वतःच्या हाताने जंतुनाशकाने धुवायची, स्क्रू तपासायची, दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. नव्या घरच्या माणसाला समोर उभं करून तासभर शिकवायची. शिकवायला एक जुना लोड होता. त्याला तिने दोन उशांचे पाय शिवून सासऱ्यांचा सदरा घातला होता आणि नाव ठेवलं होतं आजोबा. चादरीची तीन पदरी घडी करून आजोबांच्या अंगाखाली सरकवायची, पलीकडचा गुडघा दुमडायचा आणि मग घडी धरून आपल्याकडे ओढायचं. "आधी गुडघा, मग चादर, की वळले आजोबा!" ती म्हणायची. जो गुडघा विसरला त्याचे आजोबा धप्पकन जमिनीवर यायचे. रडत आलेली माणसंसुद्धा तेव्हा हसायची. ही घडी थोरलीला कुणी शिकवली नव्हती. सासूला वळवता वळवता स्वतःची कंबर धरली, तेव्हा सुचली होती.

बाजारात लोक थांबून नमस्कार करायचे. थोरलीला ते आवडायचं. का आवडू नये?

मग दोन वर्षांपूर्वी धाकटी संस्थेत आली. कुरिअरच्या ऑफिसात पंधरा वर्षं पार्सलं मार्गी लावून तिने नोकरी सोडली होती आणि घरी बसवत नव्हतं. पहिलं दीड वर्ष तिने निमूटपणे पलंग धुतले. मग एक दिवस म्हणाली, "ताई, एक विचारू? वस्तू परत आपल्याकडे कशाला यायला हवी?"

"म्हणजे?"

"आत्ता नऊ पलंग धुण्याच्या रांगेत आहेत आणि अकरा घरं तीन आठवडे वाट बघतायत. आमच्याकडे पार्सल गोदामात पडून राहिलं की साहेब आरडाओरडा करायचे. ज्यांचं काम झालं त्यांनीच धुऊन थेट पुढच्या घरी पोचवायचं. आणि तिथे तासभर थांबून शिकवायचं. त्यांच्याइतकं कुणाला येतं, सांगा ना."

थोरलीने रांगेतले पलंग मोजून बघितले, नऊच होते, आणि सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. अध्यक्ष असलेल्या डॉक्टरांनी सहा महिने करून बघा म्हटलं. खोलीत एक फळा लागला. ज्याला वस्तू हवी त्याची चिठ्ठी फळ्यावर. धाकटी ती बघून फोन लावायची आणि पलंग या घरातून त्या घरात. तीन आठवड्यांची वाट काही तासांवर आली. ज्यांनी पूर्वी वस्तू नेऊन तोंड दाखवलं नव्हतं ती माणसं आता परक्याच्या घरी जाऊन परक्या म्हाताऱ्यांची पाठ पुसायला लागली. एकमेकांचं नावही माहीत नसलेल्या गल्ल्या एकमेकींकडे जायला-यायला लागल्या. चांगलं होत होतं. थोरलीला ते दिसत होतं, आंधळी थोडीच होती ती! पण खोलीत आता कुणी येईना. आजोबा कोपऱ्यात धूळ खात पडले. दुकानात एका बाईने तिला निरखून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही त्या संस्थेतल्या धाकट्या वहिनींच्या जाऊ ना?"

त्या दिवशी घरातलं एक पातेलं कायमचं चेपलं.

येत्या रविवारी सभा होती. नवी पद्धत कायम करायची का, आणि केली तर मग खोली कशाला ठेवायची, हे तिथे ठरणार होतं. म्हणजे पाटी जाणार, टेबल जाणार, आणि टेबलामागची थोरली?

मंगळवारी दुपारी ती खोलीत एकटी होती. धाकटी कुणाच्या तरी घरी गेली होती. एक बसचा ड्रायव्हर आला, गणवेशातच. बायकोची डावी बाजू गेली होती, दवाखान्यातून सकाळीच घरी आणलं होतं. घरी जमिनीवरच गादी होती. त्याला पलंग हवा होता. बोलताना त्याचा घसा सुकत होता. थोरलीने त्याला पाणी दिलं, चिठ्ठी लिहून घेतली आणि म्हणाली, "लावते फळ्यावर. होईल तुमचं काम."

तो गेला. थोरली चिठ्ठी घेऊन फळ्यापाशी गेली. टाचणीही हातात घेतली. मग तिने खण उघडला आणि चिठ्ठी जुन्या दोऱ्यांच्या खाली ठेवली.

विसरली वगैरे काही नाही. तिला नीट कळत होतं आपण काय करतोय ते. रविवारी सभेत ती चिठ्ठी काढून दाखवायची होती. बघा, नव्या पद्धतीत एक माणूस असाच राहून गेला, माझ्या वेळी असं कधी झालं होतं का? धाकटीचं तोंड तेव्हा कसं होईल, हे तिने बुधवारी दिवसभर मनात बघून घेतलं. गुरुवारी तेच बघताना तितकी मजा येईना. शुक्रवारी ड्रायव्हरचा सुकलेला घसा आठवत राहिला.

शनिवारी सकाळी तिने खणातून चिठ्ठी काढली, पत्ता वाचला आणि सरळ चालायला लागली. धाकटीला फोन करायचा एवढंच करायचं होतं खरं तर. पण ते जिवावर आलं.

ड्रायव्हरच्या घराचं दार उघडंच होतं. तो कामावर गेला होता. आत खिडकीला लागून पलंग होता. पाठ वर-खाली होणारा, लोखंडी. थोरली उंबऱ्यातच थबकली. पलंगावर ड्रायव्हरची बायको होती आणि शेजारी एक दणकट बाई बाह्या सरसावून उभी होती.

"या की आत! मदतीला आलात?" ती बाई म्हणाली. "मी कोपऱ्यावर इस्त्री करते. ह्यांच्या मालकांनी गणवेश टाकला गुरुवारी, तेव्हा बोलता बोलता कळलं. आमचे बाबा गेले महिन्यापूर्वी, पलंग धुऊन तयारच होता. म्हटलं चिठ्ठीबिठ्ठीची वाट कोण बघतो! हातगाडीवर घातला नि आणला."

म्हणजे चिठ्ठी लागलीच नाही. फळा लागला नाही, फोन लागला नाही. मग तर धाकटीही लागली नाही, असं थोरलीच्या मनात आलं आणि क्षणभर तिला चक्क बरं वाटलं. इतका हट्टी होता तो मत्सर.

"आता वळवायचंय ह्यांना," इस्त्रीवाली म्हणाली. "नवीन दिसता तुम्ही. बघा, शिकून घ्या, उपयोगी पडेल. चादरीची तीन पदरी घडी. अशी आत सरकवायची. आणि आता म्हणायचं, आधी गुडघा, मग चादर, की वळले आजोबा!"

ड्रायव्हरची बायको कुशीवर वळली आणि अर्ध्या ओठाने हसली. "रोज मला आजोबा म्हणते ही," ती म्हणाली.

"म्हणायचंच असतं तसं! मला न्हाव्याने शिकवलं, त्याच्या आईकडून आमच्याकडे पलंग आला. त्याची आईसुद्धा आजोबाच. का म्हणतात ते देव जाणे."

थोरलीला सांगावंसं वाटलं, ओरडून सांगावंसं वाटलं, की तो माझा लोड आहे, माझ्या सासऱ्यांचा सदरा आहे, माझी कंबर धरली होती. तेवढ्यात इस्त्रीवालीने पाठीवरचं कापड बाजूला केलं. माकडहाडापाशी कातडी लाल झाली होती. बोटाच्या पेराएवढा डाग.

"हे दोन दिवसांत झालंय," इस्त्रीवाली म्हणाली. "मंगळवार, बुधवार खालीच होत्या. मालकांना एकट्याने वळवता येईना."

"संस्थेत गेले होते ते," बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "बाई चांगल्या होत्या म्हणे. पाणी दिलं त्यांनी. गडबडीत राहून गेलं असेल."

थोरलीने पुढे होऊन त्या डागाभोवती हलक्या हाताने मलम लावलं. मग परत वळवायची वेळ आली, तेव्हा तिनेच घडी धरली. बारा वर्षं शिकवलेली गोष्ट, पण नजर त्या डागावरच होती आणि तिने तशीच ओढायला सुरुवात केली.

"अहो, गुडघा!" इस्त्रीवालीने तिच्या हातावर चापट मारली. "आधी गुडघा!"

रविवारी सभेला खोली भरून गेली. पुष्कळशी घरं आली होती, उभं राहायला जागा नव्हती. डॉक्टरांनी विषय मांडला. त्यांचं संपायच्या आत थोरली उठली. हातात चिठ्ठी होती.

"ही मंगळवारची चिठ्ठी," ती म्हणाली. "मी खणात ठेवली. विसरले नाही, मुद्दाम ठेवली. एक बाई माझ्यामुळे दोन दिवस जमिनीवर पडून होती. तिच्या पाठीला डाग पडलाय."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. "पण का, ताई?"

"तुझ्यावर जळत होते," थोरली म्हणाली. "अजूनही जळतेय. पण तुझी पद्धत बरोबर आहे. खोली सोडा. माझं मत दिलं मी." आणि ती खाली बसली.

डॉक्टर घसा खाकरत होते. तेवढ्यात मागून दणदणीत आवाज आला. इस्त्रीवाली भिंतीपाशी उभी होती.

"अहो, ह्या बाई काल माझ्याकडे शिकायला आल्या होत्या! आणि आज सकाळीही आल्या, मी बोलावलं नव्हतं तरी. केलं ते वाईटच केलं, पण हात चांगला आहे त्यांचा. गुडघा तेवढा विसरतात."

धाकटी ताडकन उठली. "अहो, काय बोलता! ती घडी मुळात ताईंनीच—"

थोरलीने तिची बाही धरून तिला खाली ओढलं. बारा वर्षांत जे तिला ऐकायचं होतं ते अर्ध्या वाक्यावर आलं होतं, सगळी खोली ऐकायला होती.

"बस गं," ती हळूच म्हणाली. मग मान मागे वळवून इस्त्रीवालीला म्हणाली, "उद्या येते. आधी गुडघा. नाही विसरणार."