पाहुणचाराचा धडा

मोर्चांच्या दिवसांत परळच्या त्या म्युनिसिपल शाळेतली सातवी हाताबाहेर गेली. हजेरी चालू असताना मागून आरोळी यायची, "मधली सुट्टी झालीच पाहिजे!" म्हणून चिंतामणी गुरुजींनी आदबीने कसं वागावं याचे धडे सुरू केले. मोठ्यांना आधी द्यावं, दोन्ही हातांनी द्यावं, समोर आलेलं नाकारू नये. इन्स्पेक्टरसाहेबांसमोर पाहुणचाराचा नाट्यप्रवेश करायचं ठरलं. सुनेत्रा यजमानीण, रघु आणि शैला पाहुणे. तालमी रिकाम्या हातांनी झाल्या.

शैलाने घरी सांगितलं तेव्हा तिचे वडील राजाराम नुकतेच गिरणीतून आले होते. गेल्याच वर्षी नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती.

"आमच्या शाळेत मास्तर वरून पाणी ओतायचा, आम्ही ओंजळ धरायची," ते म्हणाले. "तुला पाहुणी म्हणून बसवतायत ना? मग पाहुणीसारखीच पी. नाहीतर उठून ये."

साहेब आले त्या दिवशी खरं सरबत आलं. तबकात सरबताचा तांब्या आणि सुनेत्राच्या घरचे तीन नक्षीचे ग्लास होते. चौथा, ॲल्युमिनियमचा चेपलेला पेला गुरुजींनी स्वतः ठेवला होता. साहेबांनी ग्लास घेतला, रघुने घेतला. तबक शैलापुढे आलं.

"ग्लास गुरुजींचा," सुनेत्रा पुटपुटली. "तुझा तो पेला."

शैला उठली. पेला दोन्ही हातांनी गुरुजींपुढे धरला.

"आधी तुम्ही घ्या, गुरुजी."

"तो तुझा आहे. बस खाली."

"सरबत तेच आहे ना?"

"शैला, उद्धटपणा नको!"

"मोठ्यांना आधी देतेय."

रघु फिस्सकन हसला. साहेबांचा ग्लास ओठांशीच थांबला. गुरुजींचे हात काही वर आले नाहीत. शैला हात भरून येईपर्यंत उभी राहिली. मग तिने पेला त्यांच्या टेबलावर ठेवला, तबकातला ग्लास उचलला, आपल्या खुर्चीत बसली आणि सावकाश सगळं सरबत प्यायली.

"उद्यापासून वर्गात बसायचं नाहीस तू!" गुरुजी ओरडले.

"बसणार," शैला म्हणाली आणि रिकामा ग्लास सुनेत्रापुढे धरला.

तालमीप्रमाणे पुढचं वाक्य सुनेत्राचं होतं. तिने गुरुजींकडे पाहिलं, मग ग्लासाकडे.

"आणखी घेता?"

"घेते," शैला म्हणाली.

सुनेत्राने तांब्या त्याच ग्लासात कलता केला.