तिसरा सायलेन्सर

येरमाळ्यातून तालुक्याच्या गावाला, वाशीकडं निघालं की रस्त्याच्या कडेला पत्र्याची दोन दुकानं एकमेकांना चिकटून उभी आहेत. पहिलं शिवशंकरचं, पंक्चरचं. दुसरं महेबूबचं, सायलेन्सरचं. महेबूबच्या दुकानाला पाटी नाही. तीस वर्षांत तिची गरज पडली नाही. ट्रकवाले एकमेकांना सांगत, येरमाळ्यात थांब, तिथं एक कानवाला आहे. गाडी चढावर असतानाच महेबूब डोळे मिटून सांगायचा: दहा चाकी, भरलेली, सायलेन्सरच्या दुसऱ्या जोडाला गळती. शिवशंकर त्यावर चहाच्या पैजा लावायचा आणि हरायचा.

जानेवारीत बार्शीच्या डॉक्टरनं महेबूबच्या कानांचा आलेख काढला. रेघ अर्ध्यापर्यंत सपाट होती, पुढं विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती. जाड आवाज येतील, बारीक येणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. तीस वर्षांची हातोडी आणि ग्राइंडर, दुसरं कारण नाही. महेबूबनं तो कागद वेल्डिंगच्या कांड्यांच्या खोक्याखाली सारला. मैमुनाला कागदाची गरज नव्हती. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तिनं नवऱ्याकडून आधीच काढून घेतलं होतं.

दोन नळ्या बोल्टनं आवळतात त्या जोडातून धूर निसटला की बारीक सुस्कारा येतो. महेबूबचं नाव त्या सुस्काऱ्यावर उभं होतं, आणि नेमका तोच आता त्याला येत नव्हता. त्यानं दहा महिने निभावलं. जोडाजवळ मनगट धरून ऊब पाहायची, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवायचं.

वाशीच्या बब्रुवान गुरुजींचा शिवराज पुण्यात नोकरीला होता. त्यानं जुन्या बाजारातून दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार घेतली. तिचा मूळचा सायलेन्सर गंजला होता. नव्यासाठी पुण्यातल्या दुकानात तीन नमुने पसंत पडले, पण नक्की एकही होईना. दुकानदार ओळखीचा, त्यानं तिन्ही दिले आणि दोन परत आणायला सांगितले. शिवराजनं महेबूबला फोन केला.

“चाचा, तुमचा कान म्हणंल तो बसवायचा.”

“नक्को बोलो उसको,” मैमुना म्हणाली.

“नाही म्हटलं तर शिवशंकर विचारंल, का. मग?”

रविवारी गाडी आली.

शिवराजनं तिन्ही सायलेन्सर ओट्यावर मांडले. पहिला म्हणजे जवळजवळ मोकळी नळीच. दुसऱ्यात झडप होती, बटण दाबलं की आवाज मोठा. तिसरा आत कप्पे असलेला, जाडजूड आणि दिसायला साधा. महेबूबनं तिन्ही उचलून वजन पाहिलं.

“ह्यो दुधाचा कॅन कुणाचा उचलून आणलास?” शिवशंकरनं तिसऱ्याकडं बोट केलं.

“गाडी कुठं चालवतोस जास्त?” महेबूबनं शिवराजला विचारलं.

“पुणे ते वाशी. दर पंधरवड्याला. जाताना आई असती कधी कधी.”

आधी मोकळी नळी लावली. इंजिन सुरू होताच समोरच्या हॉटेलातली चार माणसं बाहेर आली. “येडेश्वरीच्या पुढच्या यात्रेत फटाके नकोत,” शिवशंकर ओरडला. शिवराजचा चेहरा उजळला होता. महेबूब शेजारी बसला आणि दोघं दहा किलोमीटर जाऊन आले. ऐंशीच्या वेगावर काटा स्थिरावला तेव्हा महेबूबनं तळवा डॅशबोर्डवर ठेवला. घुमणारा जाड आवाज बरगड्यांत शिरत होता, आणि जाड आवाज त्याला पूर्वीइतकाच येत होता.

“इथं तुला दहा मिनिटं मजा वाटली. पुण्याला चार-पाच तास लागतात. इंदापूर यायच्या आत आई उतरंल आन् एस्टी धरंल.”

शिवराज हसला, पण त्यानं वाद घातला नाही. झडपेचा सायलेन्सर बंद असताना बरा होता, उघडला की तीच घुमघुम. तिसरा लावल्यावर मात्र ऐंशीवर बोलता येत होतं, आणि पाय दाबला की खालून भरदार, मोजका आवाज उठत होता. परतताना शिवराजनं मुद्दाम दोनदा पाय दाबला.

“दुधाचा कॅनच घेऊ,” तो म्हणाला.

निवड बरोबर होती, हे महेबूबला माहीत होतं. त्यानं नव्या पॅकिंगा घालून तिन्ही जोड पक्के आवळले आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. मग सगळे जवळ सरकले. हा क्षण पाहायलाच लोक थांबायचे: महेबूब गाडीखाली मान घालणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, झालं.

त्यानं मान घातली. डोळे मिटले. खालून नुसता जाड घरघराट येत होता. पहिल्या जोडाशी मनगट धरलं. नळ्याच इतक्या तापल्या होत्या की ऊब सगळीकडं सारखीच होती. त्यानं शिवराजच्या चेहऱ्याकडं पाहिलं. शिवराज त्याच्याच चेहऱ्याकडं पाहत होता.

ट्रकच्या जोडातून धूर निसटला तर वाऱ्यावर जातो. ही गाडी जमिनीला टेकलेली, काचा बंद, एसी चालू. आणि शेजारच्या सीटवर डोकं टेकून झोपलेली शिवराजची आई. त्या धुरातल्या विषाला वासही येत नाही.

“बंद कर,” महेबूब म्हणाला. “नळी निवू दे. अर्धा तास.”

“काय झालं?” शिवशंकरनं विचारलं.

“साबणाचं पाणी लावून बघायचंय.”

“साबणाचं पाणी? ते शिकाऊ पोरं करत्यात. तुला कशाला?”

“बारीक आवाज येत न्हाईत मला,” महेबूब म्हणाला. “जानेवारीपासनं.”

हॉटेलातली माणसं हळूहळू परत गेली. शिवशंकर ट्यूबला ठिगळ लावत बसला, लावून झालेल्या ठिगळावर पुन्हा कानस फिरवत. मग त्यानं वर पाहिलं.

“परवा उसाचा ट्रॅक्टर ओळखलास ते कसं?”

“ओट्याला हादरा येतो. तळपायानं.”

“म्हंजे माझा चहा फसवून प्यालास की लेका.”

“दोन वेळा. तिसरा चहा तूच बुडवलास.”

मैमुनानं घरून प्लॅस्टिकचा मग भरून साबणाचा फेस आणला आणि ओट्यावर ठेवला. शिवराजनं इंजिन सुरू केलं. धूर आत कोंडावा म्हणून महेबूबनं शिवशंकरला सायलेन्सरच्या मागच्या तोंडाशी फडकं दाबून धरायला सांगितलं आणि ब्रशनं जोडांवर फेस लावला. पहिला जोड गप्प. तिसरा गप्प. मधल्या जोडावर, वरच्या अंगाला, जिथं हात पोचत नव्हता, एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

“ते बारीक सू करतंय ते हेच होय?” शिवशंकर वाकून म्हणाला. “मला वाटलं इंजिनचाच आवाज हाय.”

पॅकिंग बसताना दुमडली होती. महेबूबनं ती बदलली, पुन्हा फेस लावला, आणि या वेळी शिवशंकरलाही कान लावायला बोलावलं. दोघांनी मिळून होकार दिला.

निघताना शिवराज काच खाली करून म्हणाला, “चाचा, आई बसणार हाय म्हणून सांगितलं ते बरं झालं.”

“तू सांगितलं नसतंस तरी विचारलं असतं,” महेबूब म्हणाला. तसं त्यानं विचारलं असतं की नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरकडचा एक पिकअप थांबला. “कानवाले चाचा तुम्हीच ना? ऐका जरा,” ड्रायव्हर म्हणाला. शेजारून शिवशंकर काही बोलतो का, याची महेबूबनं क्षणभर वाट पाहिली. शिवशंकरनं ट्यूब पाण्यात बुडवली होती आणि त्याचंही लक्ष बुडबुड्यांकडं होतं.

“बंद कर गाडी,” महेबूब म्हणाला. “निवू दे आधी.” आणि त्यानं ओट्यावरचा साबणाचा मग उचलला.